माणसांत रमणारी मी खरी, की दार लावून बसणारी?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत): लिहिणारी तिशीतली आहे, लग्नाला फार वर्षं झालेली नाहीत. ऑफिसात नव्याने लागलेल्या लोकांना ट्रेनिंग देणं हे तिचं काम. वीस-पंचवीस अनोळखी चेहऱ्यांसमोर ती दिवसभर बोलते, त्यांना हसवते, गप्प बसलेल्यांना बोलतं करते आणि हे सगळं तिला मनापासून आवडतं. पण ट्रेनिंग संपलं की पुढचे एकदोन दिवस फोन वाजला तरी नुसती स्क्रीनकडे बघत राहते, वाजायचा थांबला की हायसं वाटतं. नवरा म्हणतो, "जगाशी बोलतेस आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप." मध्यंतरी जुन्या मैत्रिणींबरोबर ट्रिप झाली. पहिल्या रात्री हिनेच सगळ्यांना गायला लावलं, खेळ घेतले. दुसऱ्या संध्याकाळी मात्र "ऑफिसचा कॉल आहे" सांगून ती खोलीबाहेर पडली आणि फोन कानाला लावून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. कॉल नव्हताच. सगळ्यात जवळची मैत्रीण मागून आली, तिला ते कळलं आणि ती म्हणाली, "आमचा एवढा कंटाळा येतो तर येतेस कशाला? कालचं सगळं नाटकच होतं म्हणायचं." तेव्हापासून दोघींत धड बोलणं नाही. ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट केल्या तर एकीत इंट्रोव्हर्ट (एकांतात रमणारी), दुसरीत एक्स्ट्रोव्हर्ट (माणसांत रमणारी), तिसरीत अँबिव्हर्ट (दोन्हींच्या मधली). त्यात आता ऑफिसात टीम लीड हो म्हणून विचारणा झालीय. ती विचारते, "ताई, यातली खरी मी कोणती? आणि दुसरी जी आहे ती मी लोकांना फसवायला आणते का?"

अगं, तुझ्या पत्रात एक वाक्य तू जाता जाता लिहिलंयस आणि माझ्या मते तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तू लिहितेस, "ट्रेनिंग घेताना मला कधीच ओढूनताणून वागतेय असं वाटत नाही, वेळ कसा जातो कळत नाही." मग नाटक कुठे आलं त्यात? माणूस सोंग करतो तेव्हा त्याचं अर्धं लक्ष आपलं सोंग उघडं पडत नाहीये ना याकडे असतं. तुझं लक्ष त्या मागच्या रांगेत गप्प बसलेल्या मुलाकडे होतं. ट्रिपच्या पहिल्या रात्रीचंही तेच, तू स्वतःच लिहिलंयस की पोट दुखेपर्यंत हसलीस. ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी एकटं बसावंसं वाटलं तेही खरंच होतं. सगळ्या पत्रात खोटी अशी एकच गोष्ट मला सापडली, तो न आलेला कॉल. आणि तो तू का घेतलास, तर "मला आता तासभर कुणाशी बोलायचं नाहीये" हे सरळ सांगायची सोय तुला तुझ्या जवळच्या माणसांत दिसली नाही म्हणून. माझ्या मते तुझा मुद्दा हा आहे, तो खरी-खोटी वाला नाही. पण त्याच्याकडे नंतर येते, आधी त्या टेस्टांचं बघू कारण तू त्यांना फारच मनावर घेतलंयस.

तीन टेस्टांनी तीन उत्तरं दिली म्हणून तू गोंधळलीस, पण मला तर वाटतं तिघींनी मिळून एकच सांगितलंय. बघ, इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट ही विभागणी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडली आणि मग जगभर गाजली, पण त्यानेच लिहून ठेवलं होतं की तिसरा एक गट आहे, ज्यातले लोक धड इकडे बसत नाहीत की तिकडे, आणि हा गट सगळ्यात मोठा आहे. ते वाक्य कुणी फारसं लक्षात ठेवलं नाही, कप्पे तेवढे लक्षात राहिले. दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये, एडमंड कॉंकलिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा मधल्या लोकांना अँबिव्हर्ट म्हटलं, म्हणजे हा शब्दही काही कालपरवाच्या रील्समधून आलेला नाही, शंभरी पार केलेला आहे. आज व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे बहुतेक लोक याला कप्पे मानतच नाहीत, एक सलग पट्टी मानतात. उंचीसारखं आहे ते. खूप उंच आणि खूप बुटकी माणसं थोडी, मधल्या उंचीची भरपूर. आता कुणी ठरवलं की अमुक उंचीच्या वरचे सगळे "उंच" आणि खालचे सगळे "बुटके", तर त्या रेषेच्या आसपासचा माणूस आज बूट घालून उंच ठरेल आणि उद्या अनवाणी बुटका. तुझं तेच झालंय. जी टेस्ट दोनच कप्पे ठेवते तिच्यात मधला माणूस त्या दिवशीच्या एकदोन उत्तरांवर इकडचा तिकडे जातो, आणि तू एक टेस्ट ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी दिलीस, एक सुट्टीत. वेगळे रिझल्ट आले नसते तरच नवल.

पण आता "मी अँबिव्हर्ट आहे" ही नवी पाटी गळ्यात अडकवून घेऊ नकोस हं. मला या शब्दाचं वावडं नाही, पण लोक तो असा वापरतात जसं काही दुर्मिळ रत्न सापडलंय. बहुतेक माणसं मध्येच कुठेतरी असतात, तर त्यात दुर्मिळ काय? आणि त्यावरून मिरवण्यासारखंही काही नाही. एक अभ्यास या बाबतीत सगळीकडे फिरवला जातो, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँटचा, २०१३ चा. फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० लोकांची तीन महिन्यांची कमाई त्याने पाहिली आणि सगळ्यात जास्त विक्री ना बडबड्यांची निघाली ना अबोलांची, मधल्यांची निघाली. त्याचं म्हणणं असं की हे लोक गळ घालण्याइतकं बोलतात आणि समोरच्याला काय हवंय ते ऐकण्याइतके गप्पही बसतात. छान आहे, तुझ्या ट्रेनिंगमध्येही हेच होत असणार, कुठे थांबायचं हे तुला कळत असणार. पण तो अभ्यास विक्रीचा होता, त्यावरून मधला माणूस नवरा-बायको म्हणून, मैत्रीण म्हणून, बॉस म्हणून भारी असतो असं काही सिद्ध होत नाही. लोक सरसकट तसं लिहितात तेव्हा मला हसू येतं.

मला त्यापेक्षा तुझ्या कामाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ विल्यम फ्लीसनचा अभ्यास, २००१ चा. त्याने लोकांना दिवसातून अनेक वेळा, बरेच दिवस, नोंद करायला लावली की गेल्या तासाभरात तू किती बोलका होतास, किती उत्साही होतास. निघालं असं की एकच माणूस थोड्याच दिवसांत जवळजवळ पूर्ण पट्टी फिरून येतो, कधी या टोकाला तर कधी त्या. म्हणजे जो मुलखाचा अबोल म्हणून ओळखला जातो तोही कधीकधी बोलत सुटतो आणि जो सगळ्यांना पुरून उरतो तोही कधी कोपऱ्यात बसतो. मात्र प्रत्येकाची सरासरी काढली तर ती या आठवड्याची आणि पुढच्या आठवड्याची बरीच जुळते. म्हणजे "माझा स्वभाव" ही गोष्ट आहे, नाही असं नाही, पण तिच्या पोटात हे सगळं वरखाली बसतं. तुझ्यात दोन बायका नांदत नाहीयेत. एकच आहे, तिचा पल्ला जरा मोठा आहे.

आता तुझ्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. तू लिहितेस, "माझी सोशल बॅटरी संपते, म्हणजे मी मुळात इंट्रोव्हर्टच असणार, एक्स्ट्रोव्हर्ट लोक तर माणसांत गेल्यावर चार्ज होतात ना?" हे वाक्य इतक्या ठिकाणी इतक्या वेळा लिहिलं गेलंय की सगळ्यांना ते विज्ञानच वाटतं. पण फिनलंडमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास आहे, २०१७ मध्ये छापून आलेला. त्यात दिसलं की बोलकेपणाने, उत्साहाने वागताना त्या वेळी छान वाटतं, ताजंतवानं वाटतं, आणि साधारण तीन तासांनी थकवा येतो. आणि गंमत म्हणजे हे इंट्रोव्हर्टांना आणि एक्स्ट्रोव्हर्टांना दोघांनाही झालं! म्हणजे तू ट्रेनिंगहून परत आलीस आणि सोफ्यावर पर्स न काढताच बसून राहिलीस, तर त्यावरून दिवसभरातली तू खोटी होतीस असं निघत नाही. तू दिवसभर काम केलंस एवढंच निघतं. पळायला जाऊन आलेला माणूस दमतो तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही की तुला मुळात पळायला आवडतच नाही.

तरीही तुझ्या मनात राहीलच की ताई, पंचवीस अनोळखी लोक चालतात आणि सहा मैत्रिणी चालत नाहीत हे कसं काय? उलट असायला हवं होतं. मैत्रिणीलाही नेमकं हेच लागलंय, परक्यांसाठी हिच्यात जोर आहे आणि आमच्यासाठी नाही. तर याचं कारण मला वाटतं असं. एक्स्ट्रोव्हर्ट असणं ही एक गोष्ट नसते, त्याच्या आत बऱ्याच गोष्टी असतात. कोस्टा आणि मॅक्रे या दोन मानसशास्त्रज्ञांची स्वभाव मोजणारी जी प्रश्नावली १९९२ पासून अभ्यासात वापरली जाते तिच्यात त्याचे सहा वेगवेगळे भाग केलेत: आपुलकी, घोळक्यात राहायची आवड, पुढाकार घेऊन ठामपणे बोलणं, कामाचा झपाटा, थराराची ओढ आणि आनंदी वृत्ती. आता एखादीकडे पुढाकार भरपूर असेल, आपुलकीही असेल, पण घोळक्याची आवड बेताचीच, तर ती तुझ्यासारखी दिसेल. स्टेजवर वाघ आणि नुसत्या बसून मारायच्या गप्पांत तासाभरात घड्याळ बघणारी. सगळ्याची सरासरी काढली की ती "मधली" येते पण तेवढ्यावरून तिच्याबद्दल काहीच कळत नाही.

ट्रिपचंच बघ ना, तू किती बारकाईने लिहिलंयस. पहिल्या रात्री तुझ्याकडे काम होतं. कोण कुणाच्या टीममध्ये, आता कुणाची पाळी, कोण लाजतंय तिला कसं उठवायचं. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या गादीवर आडव्यातिडव्या पसरून एकावेळी चौघी बोलत होत्या, विषय धड एक नाही, कधी संपणार माहीत नाही, आणि तिथून उठायला कारण लागतं. ट्रेनिंगला सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये ब्रेक असतो, आणि बोलायची सूत्रं तुझ्या हातात असतात. त्या गादीवर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे माणसं किती आणि ओळखीची की अनोळखी यावर तुझं गणित ठरत नाही, तुझ्याकडे काही भूमिका आहे का, हे कधी संपणार ते माहीत आहे का, आणि मला मध्येच उठता येईल का, यावर ठरतं. हे माझं अनुमान आहे, तू पडताळून बघ. पुढचे तीनचार आठवडे कुठल्याही चारचौघांतल्या प्रसंगानंतर दोन ओळी लिहून ठेव, आधी नाही, नंतर. कोण होतं, मी काय करत होते, कधी कंटाळले, घरी आल्यावर कशी होते. स्वतःवर शिक्का मारण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण यातून पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं. (हे बाकीच्या वाचकांनाही सांगतेय. मला येणाऱ्या पत्रांत तळ्यात-मळ्यात असलेले बरेच जण "मी नक्की कोण" विचारतात आणि "मला नक्की कुठे जड जातं" हे कुणी विचारत नाही.)

आता तो न आलेला कॉल. मला वाटतं मधल्या स्वभावाच्या माणसाची खरी अडचण आतली नसतेच, बाहेरची असते. कायम अबोल असलेल्या माणसाचा लोकांना अंदाज असतो. तो पार्टीतून लवकर उठला तर कुणी मनाला लावून घेत नाही, "तो तसाच आहे" म्हणतात. कायम बोलणाऱ्याचाही अंदाज असतो. तुझा अंदाज येत नाही. काल तू सगळ्यांना उठवून नाचवलंस आणि आज तू गायब, तर जी तुझ्यावर जीव लावते ती बाई कारण शोधणार, आणि माणसाला कारण शोधायला लावलं की ते स्वतःपाशीच येऊन थांबतं, माझंच काही चुकलं का, हिला माझा कंटाळा आला का. तिने तुला नाटकी म्हटलं ते कडवट होतं, पण तिच्या जागी उभी राहून बघ. तिने तुला खोटं बोलताना पकडलं आणि त्या खोट्याचं एकच कारण तिला दिसलं, आमच्यापासून सुटका.

म्हणून तिला अँबिव्हर्ट म्हणजे काय याची लिंक पाठवू नकोस, प्लीज. लोक हे फार करतात. दुखावलेल्या माणसाला लेख वाचायला देणं म्हणजे तू चुकीची आहेस हे कुणा तिसऱ्याकडून सांगवणं. कॉलबद्दल बोल. जमलं तर भेटून, नाहीतर निदान मेसेज. असं काहीतरी, तुझ्या शब्दांत: "त्या दिवशी कॉल नव्हता, तुला कळलंच आहे. खोटं बोलले ते चुकलं. मला तुमचा कंटाळा आला नव्हता, डोकं भरलं होतं आणि तासभर एकटं बसायचं होतं, ते सांगायची लाज वाटली. पहिल्या रात्री मी जी होते ती खरीच होते. पुढच्या वेळी सरळ सांगेन आणि परत येईन." आणि एवढंच. त्यात "पण तूही मला नाटकी म्हणालीस" हे आता घालू नकोस, ते मनात असेल तर नंतर कधीतरी निवांत बोल, आधी तुझ्या वाटचं तू उरक. ती लगेच विरघळेल असं मी म्हणत नाही. तिला कदाचित वेळ लागेल.

आणि त्या मेसेजमधलं "परत येईन" फार महत्त्वाचं आहे बरं का. लोकांना तुझं उठून जाणं तितकं खुपत नाही, ही आता येणार आहे की संपलं हे कळत नाही ते खुपतं. "मी जरा पडते" म्हणून गेलेली बाई आणि "मी जरा पडते, आठला खाली येते" म्हणून गेलेली बाई यांत मागे बसलेल्यांच्या दृष्टीने खूप फरक आहे. मग मात्र आठला खाली यायचं, दहा मिनिटं का होईना. ट्रिपला जायच्या आधीच सांगून ठेवलंस तर अजून बरं, की बाई गं, मी रोज संध्याकाळी तासभर एकटी चक्कर मारणार आहे, कुणी सोबत येऊ नका आणि मनालाही लावून घेऊ नका. पहिल्यांदा खेचतील तुला, दुसऱ्यांदा सवय होईल.

नवऱ्याचं जरा वेगळं आहे. तिथे मी पूर्ण तुझ्या बाजूची नाहीये, आधीच सांगते. तो जे म्हणतोय त्यात तथ्य आहे. मैत्रिणी वर्षातून दोनदा भेटतात, तो रोज भेटतो, आणि त्याच्या वाट्याला रोज तुझं उरलंसुरलं येतंय. तू लिहितेस, "त्याला समजायला हवं ना, मी दमलेली असते." समजेल, पण किती दिवस? आणि तू त्याला सांगितलंस काय नेमकं, की तू गप्प बसतेस आणि त्याने ओळखावं अशी अपेक्षा आहे? पत्रावरून मला यातलं दुसरंच दिसतंय.

न सांगता धरलेला अबोला आणि सांगून घेतलेली शांतता, बाहेरून दिसायला सारखीच. पण घरातल्या माणसाला पहिल्यात राग ऐकू येतो. त्यामुळे ट्रेनिंगच्या दिवशी दुपारीच त्याला मेसेज टाक, की आज आल्यावर पाऊण तास मला बोलवू नकोस, मग आपण बसू. आणि मग खरंच बसायचं, फोन आत ठेवून, वीस मिनिटं, आणि सुरुवात त्याच्या दिवसापासून करायची कारण ऐकणं तुला त्या वेळी बोलण्यापेक्षा सोपं जाईल. त्याला कदाचित तुझ्या शब्दांची एवढी गरज नसेलही, बाहेर जशी कुणाकडे मान वळवून बघतेस तसं आपल्याकडे बघावंस एवढंच असेल. विचार त्याला. शिवाय दोघांनी एका खोलीत आपापलं काहीतरी करत गप्प बसणं यालाही सोबतच म्हणतात, पण ते दोघांनी मिळून ठरवलेलं असलं पाहिजे, नाहीतर एक जण निवांत असतो आणि दुसरा वाट बघत असतो.

आणि घरी काही उरावं असं वाटत असेल तर ऑफिसातच थोडं राखायला लाग. ब्रायन लिटल नावाचे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतःला पक्के इंट्रोव्हर्ट म्हणवतात आणि लेक्चर मात्र असं देतात की लोक उठून टाळ्या वाजवतात. त्यांचं म्हणणं, माणूस त्याला जीव की प्राण असलेल्या कामासाठी आपल्या स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो आणि त्यात खोटं काहीच नाही, पण मग सावरायला त्याला स्वतःची जागा लागते. ते स्वतः लेक्चरच्या मधल्या वेळात बाथरूममध्ये जाऊन बसायचे, तसं त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. एवढा मोठा माणूस बाथरूममध्ये लपतो तर तू जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं एकटी बसलीस तर काय बिघडतं? तू मात्र लिहितेस की ब्रेकमध्येही तू पोरांबरोबरच असतेस, कारण ती काय म्हणतील. काही म्हणत नाहीत गं. त्यांनाही ट्रेनरशिवाय थोडा वेळ हवा असतो.

एक मात्र जपून. एकदा "मला एकांत लागतो" हे कळलं की माणूस सगळ्यालाच नाही म्हणायला लागतो, आधी फोन, मग भेटी, मग लग्नकार्य, आणि जाण्याआधीचा मूड साक्षीला धरतो, की बघ मला आत्ताच जावंसं वाटत नाहीये. हा साक्षीदार फार भरवशाचा नाही. २०१३ च्या एका संशोधनात दिसलं होतं की इंट्रोव्हर्ट लोक बोलकेपणाने वागल्यावर आपल्याला किती बरं वाटेल याचा अंदाज कमीच बांधतात, प्रत्यक्षात त्यापेक्षा छान वाटतं. पण म्हणून स्वतःला ढकलतच राहायचं असंही नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात लोकांना आठवडाभर मुद्दाम एक्स्ट्रोव्हर्टसारखं वागायला सांगितलं तेव्हा जे बरेच इंट्रोव्हर्ट होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा आला, आपण आपण नाही आहोत असं वाटायला लागलं. थोडक्यात, जायचं, पण निघायची वेळ ठरवून जायचं. आणि त्या दोन ओळींच्या नोंदी म्हणूनच नंतर करायला सांगितल्या मी.

याच विषयावर बाकीच्यांचीही पत्रं आहेत म्हणून दोन गोष्टी पटकन लिहिते, तुला लागू नसतील तर सोडून दे. एक, माणसांत जावंसं वाटतं पण लोक काय म्हणतील या भीतीने पाय निघत नाही, हात गार पडतात, आदल्या रात्री झोप लागत नाही, तर तो मधला स्वभाव नाही, ती भीती आहे. लाजाळूपणा आणि एकांताची आवड या वेगळ्या गोष्टी आहेत हे १९८१ सालीच चीक आणि बस या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. भीतीवर काउन्सेलरची मदत मिळते आणि ती घ्यावी. दुसरं, तुझं वरखाली होणं प्रसंगाला धरून आहे, ट्रेनिंग झालं की शांत, आराम झाला की परत उत्साह. पण कुणाचं जर प्रसंगाशिवायच होत असेल, म्हणजे कित्येक दिवस झोप न लागूनही अंगात प्रचंड जोर आणि मग आठवडेच्या आठवडे कशातच मन नाही, तर तिथे या सदराचं काम नाही, सरळ डॉक्टरांना गाठावं.

राहिलं टीम लीडचं. तू विचारतेस मी त्यासाठी योग्य आहे का. योग्य असशीलच, पण ते काम ट्रेनिंगसारखं नाही हे लक्षात घे. त्याला सुरुवात आणि शेवट नसतो. कुणीही कधीही डोकावून "दोन मिनिटं आहेत का" विचारतं, दोघांचं भांडण तुझ्या टेबलावर येतं, आणि तिथे तुझी भूमिका दर तासाला बदलते. म्हणजे त्या गादीवरच्या संध्याकाळसारखं बरंच काही त्यात आहे. म्हणून होकाराआधी मॅनेजरला स्वभावाबद्दल काही सांगत बसू नकोस, कामाबद्दल विचार. ट्रेनिंग पूर्ण सुटणार की थोडं राहणार? राहत असेल तर ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग नकोत एवढं मान्य होईल का? टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यात ठरलेला वेळ देऊन बाकी वेळ दार बंद ठेवलेलं चालेल का, अर्थात आग लागली तर सोडून? आणि आधी तीन महिने तात्पुरतं करून बघता येईल का? यातल्या निम्म्याला हो आलं तर मी म्हणेन घे. सगळ्याला नाही आलं तर पगाराचा आकडा बघून घाईने हो म्हणू नकोस, ट्रेनिंगमध्येच वर जायचा रस्ता आहे का ते विचार, कारण ते काम तुझ्या हातचं आहे आणि तुला आवडतंही. त्या नोंदी महिनाभर झाल्या की मॅनेजरशी बोलायला जा, तोवर उत्तराची मुदत मागून घे. बहुतेक ठिकाणी देतात.